सगळे पोचले

स्क्रीनवर इंग्रजीत ‘ॲक्टिव्ह झीरो’ असं येत होतं. ते काढून मी तिथं मराठीत ‘सगळे पोचले’ असं लिहिलं. चौदा वर्षं कोड लिहितेय. माझ्या हजारो ओळींपैकी लोकांनी खरोखर वाचले ते हे दोनच शब्द, आणि ते खोटे होते.

त्यांच्यापायी माझ्या मामांचे अकरा आठवडे गेले. मामांच्या उजव्या फुप्फुसात गाठ आहे. अकरा आठवडे आधी कळलं असतं तर ती काढता आली असती, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे इतकं सरळ म्हणत नाहीत. ‘ऑपरेशनचा विचार करता आला असता’ असं म्हणतात. हे लिहून मला मन वगैरे मोकळं करायचं नाहीये. त्यासाठी आधी ते भरून यावं लागतं, आणि माझं काहीच होत नाहीये. मी जेवते, झोपते, मीटिंगला बसते, कुणी विनोद केला तर वेळेवर हसते. आतून बधिर आहे, एवढंच.

आम्ही कारेगावात राहतो. नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात आहे, त्याची बस खालच्या चौकातून सुटते. मी घरीच बसून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम करते. आसपासच्या गावांतून एक्स-रे काढायची छोटी केंद्रं आहेत. कवठे येमाईला आहे, भांडगावला आहे, आणखीही पाचसहा ठिकाणी. फोटो गावात निघतो, पण तो वाचणारा डॉक्टर गावात नसतो. म्हणून फोटो नेटवरून दौंडला जातो, तिथले डॉक्टर तो बघून रिपोर्ट लिहितात आणि रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर येतो. यातलं फोटो दौंडला नेऊन पोचवायचं काम माझ्या प्रोग्रामचं.

आधी तो प्रोग्राम एकेक फोटो पाठवायचा. पहिला गेल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. एखादा अडकला की त्याच्या मागचे सगळे खोळंबायचे, आणि भांडगावच्या केंद्रावरच्या चाचांचा मला फोन यायचा. चाचांचं आडनाव मला कंपनीच्या कागदांवरून माहीत आहे, पण अख्खं गाव त्यांना चाचा म्हणतं म्हणून मीही म्हणते. वीस वर्षं ते लोकांच्या छातीचे आणि गुडघ्यांचे फोटो काढतायत. दिवसातून तीनदा ते मला विचारायचे, ताई, कवा निघायचं हे? शेवटी मी ठरवलं की सगळे फोटो एकाच वेळी पाठवायचे.

असं एकाच वेळी पाठवण्यासाठी एक तयार लायब्ररी मिळते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला, आपण फुकट वापरायचा कोड. ती काय करते, हे मी एकदा मामींना सांगितलं होतं. समजा, लग्नघरात आठ शेगड्यांवर दूध ठेवलंय आणि बघायला एकटी बाई आहे. ती एका शेगडीपाशी थांबून राहत नाही. फिरत राहते, जिथं गरज तिथं ढवळते, पुढं जाते. लायब्ररी तशी फिरते आणि प्रत्येक फेरीला सांगते, अजून किती शेगड्या पेटत्या आहेत. आठ, सहा, तीन, शून्य. मामी म्हणाल्या, एवढंच हाय व्हय तुझं काम?

एवढंच होतं. पण जमलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, हे कबूल करते. भांडगावचे अकरा फोटो चहा गार व्हायच्या आत गेले. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

आता माझी चूक सांगते. लायब्ररी ‘शून्य’ म्हणते तेव्हा तिला इतकंच सांगायचं असतं, की आता एकही शेगडी पेटती नाही. कुठलं दूध तापलं आणि कुठलं उतू जाऊन शेगडी विझली, हे त्या आकड्यात नसतं. पोचलेला फोटोही मोजणीतून जातो आणि अर्ध्या वाटेत मेलेलाही जातो. प्रत्येकाचं पुढं काय झालं, त्याची एकेक चिठ्ठी लायब्ररी बाजूला ठेवत असते. त्या चिठ्ठ्या आपण मागून घ्यायच्या आणि वाचायच्या. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घेतात ना, तीच ही. नुसता अर्ज दिला आणि बाहेर आलो, याला आपल्याकडे कुणी काम झालं म्हणत नाही.

मला चिठ्ठ्यांचं माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. कोडमध्ये त्या जागी मी माझ्या हाताने ‘चिठ्ठ्या नंतर वाचायच्या’ असं लिहून ठेवलं होतं. मग दुसरं काम आलं. आमच्या धंद्यात ‘नंतर’ या शब्दाला तारीख नसते. मधल्या काळात प्रोग्राम आकडा शून्यावर आला की सगळ्या फाइली उचलून ‘पाठवलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकत राहिला. गेलेल्या आणि न गेलेल्या, सगळ्या.

तरीही काही बिघडलं नसतं, कारण चाचा होते. ते रोज दुपारी जेवायच्या आधी वही घेऊन दौंडला फोन लावायचे. आज अकरा धाडलेत, मोजा. दौंडच्या ऑफिसातली मुलगी मोजायची. दहा निघाले तर चाचा एक पुन्हा पाठवायचे. बाकीच्या केंद्रांवरही असंच चालायचं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. ‘ॲक्टिव्ह झीरो’ या इंग्रजीवर कुणाचाच भरवसा नव्हता, म्हणून. कवठे येमाईच्या केंद्रावरच्या बाईंना तर वाटायचं की झीरो म्हणजे नापास. त्या रोज मला विचारायच्या, ताई, झीरो आलाय, आता काय करू? मी चिडायचे. नवरा म्हणतो, मी माणसांशीही एरर दाखवल्यासारखी बोलते.

एकदा त्यांच्या फोनला वैतागून मी म्हटलं, लिहितेच आता मराठीत. काय लिहायचं, यावर अर्धा मिनिटही विचार केला नसेल. आमच्याकडे माणूस गावाला निघाला की मागं राहिलेल्यांचा जीव एकाच शब्दासाठी टांगलेला असतो. फोन येतो, पलीकडून ‘पोचलो’ एवढंच म्हणतात, आणि इकडचा माणूस पंखा लावून आडवा होतो. तोच शब्द हातातून उतरला. हिरव्या अक्षरांत, मोठ्या टायपात. साहेबांनी कौतुक केलं. कवठे येमाईच्या बाईंनी फुलांचं चित्र पाठवलं. आणि महिन्याभरात सगळ्या केंद्रांवरचे दुपारचे फोन बंद झाले. मला वाटलं, प्रोग्राम चांगला झाला.

त्यानंतर चाचांनी एकदा तक्रार केली होती. एक बाई चार दिवसांनी रिपोर्ट विचारायला आली, दौंडला फोटोच नाही म्हणतात. मी त्यांना म्हटलं, स्क्रीनवर पोचले असं आलं होतं ना, मग पोचले. दौंडवाल्यांना नीट बघायला सांगा. चाचा बरं म्हणाले. तक्रारीच्या रकान्यात मी ‘दौंडकडून गहाळ’ असं भरलं आणि ती बंद केली. चाचांनी त्या बाईचा फोटो पुन्हा काढला आणि पाठवला.

मामा दौंडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर भांडगावात घर बांधून राहिले. मला पॉलिटेक्निकच्या प्रवेशाला स्कूटरवर घेऊन गेले होते ते हेच मामा, आणि वाटेत स्कूटर बंद पडल्यावर उतरून, ती दुरुस्त करता करता मला तिचा कार्ब्युरेटर समजावून सांगणारेही हेच. त्यांना खोकला झाला. गावातल्या डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला, तो त्यांनी चाचांकडे काढला. रिपोर्ट काही आला नाही. काही वाईट असतं तर फोन आला असता, असं मामा म्हणाले. त्यांच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. गावात फोन न येणं हाच चांगला रिपोर्ट असतो. मग खोकल्याच्या बाटल्या, मग काढा, मग दुसऱ्या बाटल्या. अकराव्या आठवड्यात थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा आम्ही त्यांना पुण्याला नेलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, याआधीचा एखादा एक्स-रे आहे का? मामी म्हणाल्या, काढला व्हता की, त्यात काय न्हवतं. मी म्हटलं, तो मी काढून देते, आमच्याच सिस्टिममध्ये असेल. डॉक्टरांना बरं वाटलं आणि मलाही. दवाखान्यात आपल्याला काहीतरी काम मिळालं की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची बस गेल्यावर लॅपटॉप उघडला. दौंडच्या यादीत मामांचं नाव नव्हतं. स्पेलिंग बदलून पाहिलं, मोबाइल नंबरावरून पाहिलं, तारखेवरून पाहिलं. मग इथूनच भांडगावच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि ‘पाठवलेले’ फोल्डर उघडलं. तिथं होता. प्रोग्राम चालताना आपण काय काय केलं याची नोंद करत जातो, ती फाइल मी पुढं उघडली. त्या दिवशी त्या वेळी आठ फोटो एकदम निघाले होते. सात पोचले. आठवा एकसष्ट टक्के गेला आणि तिथं त्याला दिलेली वेळ संपली. खाली शून्य. आणि स्क्रीनवर, मला बघायची गरज नव्हती, हिरव्या अक्षरांत काय आलं असेल ते.

मी फोटो उघडून पाहिला. मी डॉक्टर नाही, पण चाचणीसाठी म्हणून इतक्या छात्या बघितल्यात की वेगळं काही असलं तर दिसतं. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या मध्ये, चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता. पुण्याच्या स्कॅनमध्ये तो लिंबाएवढा आहे. मी बराच वेळ बघत बसले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी फोटो डॉक्टरांना पाठवला, फोन करून तो मिळाला का विचारलं, मग उठून मशीनमधले कपडे वाळत घातले. खालच्या खोलीतली बिहारची मुलं शिफ्टवरून येऊन स्वयंपाक करत होती, मोहरीच्या तेलाचा वास येत होता. मला भूक लागली. आपल्याला भूक लागली आहे याची लाज वाटली. मग जेवले.

दुरुस्ती बत्तीस ओळींची होती. चिठ्ठी मागायची, वाचायची. पोचला असेल तरच फाइल हलवायची, नसेल तर पुन्हा रांगेत लावायची. संध्याकाळच्या आत झालं. आता स्क्रीनवर ‘पोच आली: सात, पोच नाही: एक’ असं येतं, आणि दुसरं वाक्य लाल रंगात. हे बत्तीस ओळींचं काम मी सात महिने ‘नंतर’ म्हणून ठेवलं होतं. मला स्वतःचा संताप यायला हवा होता. मी वाट पाहिली. आला नाही.

मग त्या सात महिन्यांची सगळी नोंद वाचून काढली. असे, पुन्हा कधी न पाठवलेले, तेवीस फोटो निघाले. साहेबांना सांगितलं. एकेका केंद्रावरून लोकांना बोलावून पुन्हा फोटो काढले गेले, आठवडाभर तेच चाललं होतं. बावीस जणांत कुणाला काही निघालं नाही. साहेब फोनवर म्हणाले, चला, सुटलो. मी म्हटलं, एक राहिलाय. कोण, म्हणाले. माझे मामा, म्हटलं. ते वाईट झालं म्हणाले, हवी तेवढी रजा घे म्हणाले, आणि मग म्हणाले की घरच्यांना लेखी काही देऊ नकोस. मी ठीक आहे म्हटलं. त्यांचाही मला राग आला नाही.

चाचांना फोन करून सगळं सांगितलं आणि मागं तोडून बोलले होते त्याची माफी मागितली. माझं झाल्यावर चाचा हळू आवाजात म्हणाले, “ताई, इंग्रजी व्हतं तवा मला समजत न्हवतं, म्हनून मी फोन लावायचो. मराठीत आलं आन् मी इचारायचं सोडलं.” त्यांनी मला दोष दिला नाही. स्वतःलाच देत होते, आणि ते ऐकणं जास्त कठीण होतं. आणखी काहीतरी सांगायचं असल्यासारखे ते थांबले, पण बोलले नाहीत. मामांना कधी सांगणार, एवढंच विचारलं.

सांगायला मला सोळा दिवस लागले. त्यात मामांचे केमोचे दोन डोस झाले. रोज फोन करायचे, ‘जय भीम मामा’ म्हणायचे, तब्येत विचारायचे आणि ठेवून द्यायचे. सांगितल्याने त्यांची गाठ कमी होणार नव्हती. न सांगण्याची ही सबब मी पुरेशी वापरून पाहिली. सतराव्या दिवशी मामींनी फोनवर सांगितलं की जुन्या फोटोतही डाग होता हे कळल्यापासून मामा चार माणसं घेऊन दौंडच्या डॉक्टरांना जाब विचारायला जाणार म्हणतायत. अंगात ताकद नाही, पण ऐकत नाहीत. मग मी निघाले. न्हावरे, पारगाव, चौफुला. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती, आणि सगळा वेळ मी कोडमधल्या एका वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होते.

मामा पडवीत खुर्चीवर बसले होते, कानटोपी घालून. मनगटं बारीक झाली होती, पण आवाज तोच होता, डेपोत इंजिनच्या वर चढवायची सवय असलेला. माझ्या हातात पाण्याचा तांब्या देऊन लगेच सुरुवात केली. दौंडच्या डॉक्टरला सोडणार नाही. फोटो जाऊन पडलाय त्याच्याकडं आणि त्याने उघडूनसुद्धा बघितला नाही. चार लोकांसमोर विचारणार.

मी म्हटलं, “मामा, फोटो पोचलाच नव्हता.”

“पोचला व्हता,” मामा म्हणाले. “म्या सोताच्या डोळ्यांनी वाचलं, तिथं उभं ऱ्हाऊन. चाचा म्हनत व्हतं, आज नेट लई अडकतंय, थांबा, दौंडला फोन लावून इचारतो. मीच बसवलं त्येंला. म्हनलं, कशाला? माझ्या भाचीनं लिवलंय, ती खोटं न्हाई लिवायची.”

चाचांनी हे मला फोनवर सांगितलं नव्हतं. मला पहिल्यांदा दुखलं ते तिथं, आणि छातीत खरोखर दुखलं. मी म्हटलं, ते खोटं होतं मामा. मीच लिहिलं होतं. पोचला की नाही ते मला माहीत नव्हतं, तरी लिहिलं. दौंडच्या डॉक्टरांकडे तुमचा फोटो कधी गेलाच नाही. त्यांना काही विचारू नका.

मामी दारात येऊन थांबल्या होत्या. मामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, “म्हाईत न्हवतं, तर मग लिवलं कशाला?”

रागानं विचारलं नव्हतं. खोललेलं इंजिन समोर ठेवून, हे कशानं झालं, असं विचारतात तसं विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून मी सांगायला लागले. आठ शेगड्या असतात, मामा, आणि बघायला एकटी बाई असते. मामा पुढं झुकून ऐकू लागले, मान हलवू लागले. मी शून्यापर्यंत आले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मामींनी पाठीवर हात फिरवला. उबळ थांबायला वेळ लागला. मग त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “हां. फुडं?”

शून्याच्या पुढं मी काही लिहिलंच नव्हतं.